बारवेतला लेख कोणी वाचला?

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही अशा समस्त जनतेस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखक कॉलेजात असताना हुशार, नियमित आणि पहिल्या बाकावर बसणारा विद्यार्थी होता. या घटनेस लेखी पुरावा उपलब्ध आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी नांदेडला जाऊन, हात स्वच्छ धुऊन, तोंडात पान नसताना, तो पाहून यावा.

ही बातमी मी आईला फोनवर सांगितली तेव्हा ती म्हणाली, दुसऱ्या कुणाचं वाचलं असशील, नीट बघ. बायकोने माझा चष्मा पदराने पुसून हातात दिला.

पण मी नीटच बघितलं होतं. ज्यांच्या हाताखाली मी इतिहास शिकलो आणि ज्यांच्या कृपेने आज लातूरच्या एका कॉलेजात तोच इतिहास शिकवून पोट भरतो, त्या माझ्या नांदेडच्या सरांच्या डायरीत निळ्या शाईने लिहिलेलं होतं: 'बी.ए.च्या वर्गावर सातवाहनांचा व्यापार शिकवला. वर्ग भरलेला होता. पहिल्या बाकावरच्या लातूरच्या मुलाला प्रश्न विचारला. उत्तर चोख दिले.'

आमच्या वर्गात लातूरचा मुलगा एकच, तो मी. अडचण एवढीच होती की त्या दिवशी मी वर्गात नव्हतो. मी सिनेमाला गेलो होतो आणि थिएटरच्या स्टँडवरून माझी सायकल चोरीला गेली होती. ती तारीख मी विसरणं शक्य नाही. वडिलांनी पुढचं वर्षभर, सुट्टीत घरी गेलो की, ती मला जेवताना ऐकवली आहे. मग सरांनी प्रश्न विचारला कोणाला? आणि सातवाहनांच्या व्यापाराबद्दल चोख उत्तर देणारा तो भामटा कोण, जो माझ्या नावावर हुशारी करून गेला?

इथून माझा गोंधळ सुरू झाला. तो पूर्ण मिटला आहे असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही.

सर शिलालेखांचे अभ्यासक. मराठवाड्यातल्या पडक्या वेशी, बारवा, दर्गे, देवळं, जिथे दगडावर अक्षर असेल तिथे ते एसटीने, सायकलने, नाहीतर बैलगाडीने पोहोचायचे. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मग गौरवग्रंथ काढायचं ठरवलं. ज्याचा गौरव करायचा त्याला तो वाचावा लागत नाही, हे मरणोत्तर गौरवग्रंथाचं मोठं सुख असतं. माझ्या वाट्याला विषय आला: विद्वानांच्या रोजनिशींचं इतिहासाचं साधन म्हणून असलेलं मोल. समितीला वाटलं, हा माणूस गप्पिष्ट आहे, डायऱ्यांतून काहीतरी चटकदार काढील.

मी खुशीने हो म्हटलं, कारण विषय माझ्या तोंडपाठ होता. पंचवीस वर्षं मी मुलांना नोट्स देत आलो आहे: आठवणी लिहिणारा म्हातारा आपल्या सोयीने आठवतो. डायरी लिहिणाऱ्याला पुढे काय होणार हे ठाऊक नसतं, म्हणून त्याच दिवशी, त्याच हाताने लिहिलेल्या कागदावर विश्वास ठेवावा. मुलं हे वाक्य अधोरेखित करतात, परीक्षेत जसंच्या तसं लिहितात, आणि मी पूर्ण गुण देतो.

तर दर रविवारी पहाटेची एसटी पकडायची, चाकूरला चहा घ्यायचा, आणि दहाच्या आसपास नांदेडला काकूंच्या दारात उभं राहायचं, असा माझा क्रम पडला. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, आणि अजून माझ्याकडे गृहपाठ न केलेल्या मुलाकडे पाहावं तशा पाहणाऱ्या. डायऱ्या पोलादी कपाटात होत्या. कुणी बियाण्याच्या कंपनीने दिलेल्या, कुणी औषधवाल्याने दिलेल्या, सगळ्या सारख्याच जाडीच्या. काकूंचे नियम दोन. डायरी घराबाहेर जाणार नाही, आणि पोटात काही घातल्याशिवाय कपाटाची किल्ली मिळणार नाही. त्यामुळे मराठवाड्याच्या इतिहासाचं ते मौलिक साधन मी जेवणाच्या टेबलावर, कोपराशी लोणच्याची बरणी ठेवून, वाचून काढलं.

आणि काय वाचायला मजा आली म्हणून सांगू. नीटनेटकं, लहान अक्षर. रोज आठ-दहा ओळी. कुठे गेलो, काय पाहिलं, कोणता लेख वाचला, गुडघा कसा आहे. फक्त अधूनमधून काहीतरी खटकायचं. सरांच्या रागाची सबंध कॉलेजात दहशत होती, ते शिपायाशी, प्राचार्यांशी, वेळप्रसंगी पुतळ्याशीही भांडत. डायरीत मात्र दर चार दिवसांनी ओळ होती: 'आज कोणाशी वाद घातला नाही.' गोदावरीला पूर येऊन घाट पाण्याखाली गेले होते त्या आठवड्यातही रोज लिहिलेलं होतं: 'सायंकाळी नदीकाठी फिरून आलो.' कुठल्या काठी?

मग मला आमची कंधारच्या किल्ल्याची सहल सापडली. 'सर्व मुले आली. किल्ला पूर्ण दाखवला. हवा उत्तम.' मला आठवतं ते असं, की धो धो पावसात आमची गाडी अर्ध्या रस्त्यात रुतली, आम्ही एका पत्र्याच्या शेडमध्ये पुरी-भाजी खाल्ली आणि किल्ल्याचं तोंडही न बघता परत आलो. खात्री करायला मी वर्गमित्राला फोन लावला, जो आता किनवटकडे आश्रमशाळेत मुख्याध्यापक आहे. तो म्हणाला, पाऊस बरोबर, शेड बरोबर, पण तू कुठे होतास? तू त्या सहलीला आलाच नव्हतास, सायकल गेली म्हणून तुझ्या बापाने तुला सोडलं नव्हतं.

मी फोन ठेवला आणि बराच वेळ लोणच्याकडे बघत बसलो. वर्गात नसताना मी डायरीत वर्गात आहे. सहलीत मी डायरीत आहे, माझ्या डोक्यात आहे, पण मित्राच्या डोक्यात नाही. मग ती पुरी-भाजी खाल्ली कोणी? पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आपण स्वतः नेमके कुठे कुठे होतो हे दुसऱ्यांना विचारत फिरावं लागणं ही काही शोभेची गोष्ट नव्हे.

अर्थात, इतकं सगळं विनोदावारी गेलं असतं. माझा सिनेमा आणि माझी पुरी-भाजी यांच्यावाचून इतिहासाचं काही अडलेलं नव्हतं. अडलं ते बारवेपाशी.

अर्धापूरच्या पलीकडे केळीच्या बागांतलं एक गाव आहे. गेल्या उन्हाळ्यात गावकऱ्यांनी तिथली जुनी बारव साफ केली. झाडं काढली, गाळ उपसला, पायऱ्या धुतल्या. खालच्या कमानीवर फारसी लेख आहे. कोणी, कोणत्या राजवटीत, वाटसरूंच्या पाण्यासाठी ही बारव बांधली ते त्यात सांगितलं आहे. तो लेख चाळीसेक वर्षांपूर्वी वाचला गेला आणि सरांचं नाव झालं ते त्यावर छापलेल्या शोधनिबंधामुळे. गावाने आता बारवेच्या तोंडाशी दगडी पाटी लावायची ठरवली होती. मजकूर कोरून झाला होता. एकच ओळ अर्धी होती: 'लेखाचे प्रथम वाचन', आणि पुढे मोकळी जागा. सरपंचांनी मला फोन करून सांगितलं होतं, सर, तुम्ही पुराव्यानिशी नाव सांगा, ग्रंथाच्या प्रकाशनाला आम्ही येतोच, तिथे जाहीर करा, दुसऱ्या दिवशी कोरून टाकू.

आणि मला पुरावा सापडला. अगदी त्या दिवशीचं पान. 'पहाटेच्या गाडीने गेलो. बारवेत उतरलो. लेखाचा ठसा घेतला व वाचला. दिवसभर उन्हात एकट्याने काम केले. सायंकाळी परत. मन प्रसन्न.' मी टेबलावर थाप मारली. काकूंनी आतून विचारलं, काय सांडलं? मी म्हटलं, काही नाही काकू, सर सापडले.

त्या डायरीची शिवण मात्र उसवली होती, पानं हातात येत होती. काकूंनी पहिल्यांदा आपला नियम मोडला. म्हणाल्या, भाऊंकडे घेऊन जा, त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नको.

काकू ज्यांना भाऊ म्हणत ते आम्हा सगळ्यांचे चाचा, जुन्या गावातले जिल्द बांधणारे. ऐंशीच्या घरातले. कोर्टाची रजिस्टरं, शाळांचे हजेरीपट, मशिदीतल्या पोथ्या, भजनी मंडळांच्या वह्या, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. दुकान म्हणजे एक खोली, तिच्यात खळीचा वास, लाकडी दाबयंत्र आणि भिंतीवर टांगलेले जाड केसांचे ब्रश. शिक्षण उर्दू शाळेतलं, फारसी वडिलांकडून शिकलेले. सर त्यांच्याकडे तासन्‌तास बसायचे एवढं मला माहीत होतं. सरांना फारसीची अक्षरओळख त्यांनीच करून दिली, हेही ऐकून होतो.

मी मोठ्या ऐटीत डायरी उघडली आणि ते पान नाटकी आवाजात त्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं, म्हातारा खूश होईल. चाचांनी मोतीबिंदूचा जाड चष्मा वर सरकवला, ती तारीख बोटाने दाखवायला सांगितली, आणि खळीचं भांडं बाजूला ठेवलं.

"मास्तर, ह्या दिवशी मी स्टँडवर उभा राहून राहिलो होतो. सर आलेच न्हाईत."

मग त्यांनी सांगितलं ते असं. दोघांचं जायचं ठरलं होतं. चाचा पहाटे स्टँडवर गेले, सर आले नाहीत. गाडी सुटायला लागली तेव्हा यांनी विचार केला, कागद भिजवायला घेतलाय, ब्रश घेतलाय, भाकरी बांधलीय, आता परत काय जायचं. गेले एकटेच. बारवेत उतरून कमानीवरचं शेवाळ काढलं, ओला कागद दगडावर बसवला आणि जिल्दीच्या ब्रशने हळूहळू ठोकून ठोकून ठसा घेतला. हे काम जिल्द बांधणाऱ्याच्या हातालाच साधणारं, हे ते सांगत नव्हते, हातवाऱ्याने दाखवत होते. लेख तिथेच बसून वाचला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठसा आणि वाचन सरांच्या घरी नेऊन दिलं. सरांनी पुढे शोधनिबंध लिहिला. आभारात छापलं: 'एका स्थानिक स्नेह्याचे साहाय्य झाले.'

मी विचारलं, चाचा, तुम्ही इतकी वर्षं बोलला नाहीत?

ते म्हणाले, बोलायचं कुणाला? सर दोस्त होते. त्यांना कॉलेजात पुढे जायचं होतं, मला काय, जिल्दा बांधायच्या होत्या. मी आपला समजूतदारपणाने म्हणालो की शेवटी नावापेक्षा काम महत्त्वाचं. यावर ते इतके मनापासून हसले की त्यांना ठसका लागला.

"नाव नको, काम बघा, असं कोण म्हणतं माहीत हाय का? ज्यांचं नाव लागून झालंय ते. लावा माझं नाव, मास्तर. मला लई आवडेल."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून लोहा गाठेपर्यंत स्वतःशी भांडत होतो. एका बाजूला त्याच दिवशी, त्याच हाताने लिहिलेला कागद. दुसऱ्या बाजूला चाळीस वर्षांनी आठवणारा म्हातारा, जो माझ्याच नोट्सप्रमाणे आपल्या सोयीने आठवतो. पण कागद मला सिनेमाच्या दिवशी वर्गात बसवत होता आणि पुराच्या दिवशी सरांना घाटावर फिरवत होता. आणि म्हातारा ठसा कसा ठोकायचा ते हवेत करून दाखवत होता. हवेत कुणी खोटं ठोकेल का? ठोकेलही. मी स्वतः न खाल्लेली पुरी-भाजी आठवून राहिलो होतो, तिची चवसुद्धा.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भेंडी चिरत होती. म्हणाली, तुम्ही इतिहासवाले भारी लोक, माणूस समोर बसून सांगतोय तर त्याला विचारता, लेखी आहे का. मी म्हटलं, नियम आहे तसा. ती म्हणाली, मग आपल्या लग्नाचंही लेखी काही नाही, आपण नोंदणी केलेली नाही, बघा बाई, पुढच्या पिढ्यांना काय सांगायचं ते.

पुढच्या रविवारी मी काकूंना सरळच विचारलं. त्या दिवशी सर बारवेवर गेले होते का? त्या म्हणाल्या, मला काय ठाऊक, मी शाळेत असेन. मी म्हटलं, काकू, तो रविवार होता. त्यांनी भाजीत मीठ घातलं. थोड्या वेळाने पुन्हा घातलं. त्या दिवशी आम्ही दोघांनी ती भाजी मुकाट्याने खाल्ली.

जेवण झाल्यावर मी शेवटची डायरी मागितली. खरं तर मला ती वाचायची नव्हती. सर ज्या दिवशी गेले तिथे ती थांबणार हे माहीत होतं आणि त्या दिवशी मी लातूरला होतो याची मला अजून बोच आहे. पण गौरवग्रंथात शेवटची नोंद देणं आवश्यक होतं. सर गेले सकाळी, साडेदहाच्या सुमारास, वर्तमानपत्र वाचता वाचता. मी पान उघडलं. अक्षर थोडं कापरं, पण तेच.

'सकाळी वाचन. दुपारी पत्रव्यवहार पूर्ण केला. लातूरच्या मुलाला फोन केला, पुष्कळ बोललो. सायंकाळी नदीकाठी फिरून आलो.'

मी ते तीनदा वाचलं. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. साडेदहाला गेलेला माणूस संध्याकाळी फिरून आला होता. मला त्यांचा फोन आला नव्हता. मी डायरी तशीच उघडी काकूंपुढे धरली.

काकूंनी ती वाचली नाही. त्यांना बघायचीही गरज नव्हती. म्हणाल्या, अरे, ते सकाळीच लिहायचे ना. पहिला चहा आणि डायरी. आधी सगळा दिवस लिहायचे, झाला असं धरून, आणि मग उठायचे. रात्री दिवे जायचे म्हणून लग्नाआधीपासून ही सवय. पुढे म्हणायला लागले, लिहून ठेवलं की करावंच लागतं, नाहीतर खोटं पडतं.

"आणि नाही झालं तर?" मी विचारलं.

"नाही झालं तर नाही. खोडायचं कशाला? शाई फुकट जाते म्हणायचे."

मी तिथेच खुर्चीत हसायला लागलो. मग हसू थांबेना म्हणून पाणी प्यालो. कोणाशी वाद न घातलेले ते शेकडो दिवस, त्या सगळ्या शपथा होत्या. ती उत्तम हवा, ती भरलेली सहल, तो भरलेला वर्ग, पहिल्या बाकावरचा मी, ही सगळी सरांची इच्छा होती. आपण प्रश्न विचारावा आणि लातूरच्या या उनाड पोराने एकदा तरी चोख उत्तर द्यावं, असं त्या माणसाला सकाळी चहा पिताना वाटलं होतं. सबंध आयुष्यात माझ्याकडून कोणी एवढी अपेक्षा केलेली नाही. आणि तासाच्या वेळी मी तिकिटाच्या रांगेत उभा होतो.

मग मी कपाटातल्या डायऱ्या पुन्हा काढल्या आणि वेगळ्या डोळ्यांनी चाळल्या. तेव्हा एक गोष्ट दिसली. त्यांत पाहुणे नव्हते. एकही नाही. सरांचं घर म्हणजे धर्मशाळा होती, दिवसातून चार माणसं न सांगता टपकायची, काकूंचा चुलीवरचा चहा कधी उतरला नाही. पण सकाळी लिहिलेल्या दिवसात न सांगता येणारा माणूस कसा असेल? पाऊस नव्हता, ताप नव्हता, बंद पडलेली गाडी नव्हती. आणि चाचा नव्हते. जे रोज संध्याकाळी दुकान बंद करून वाटेत डोकावायचे ते चाचा एवढ्या डायऱ्यांत एकदाही आलेले नव्हते. सर त्यांना विसरले असं मी म्हणणार नाही. चाचा ठरवून येणाऱ्यांतले नव्हते, एवढंच.

डायरीचं मोल त्यामुळे माझ्या लेखी कमी झालं नाही, उलट वाढलं. माणसाने काय केलं हे सांगणारे कागद पुष्कळ सापडतात, हजेरीपटापासून पोलीस ठाण्यापर्यंत. रोज उजाडताना त्याला काय करावंसं वाटत होतं, हे कुठल्या दफ्तरात मिळतं? फक्त वाचणाऱ्याला ती किती वाजता लिहिली हे माहीत पाहिजे. मी पंचवीस वर्षं शिकवलं ते 'त्याच दिवशी' अपुरं होतं. सकाळी की संध्याकाळी, हे विचारायचं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

पण बारवेचं कोडं यानेही सुटेना. सकाळी लिहिलं म्हणजे सर गेलेच नाहीत असं थोडंच? लिहिल्याप्रमाणे गेलेही असतील. चाचा म्हणतात ती तारीख मागेपुढे झाली असेल. आता डायरीही साक्षीदार राहिली नव्हती आणि मी आणखीच अधांतरी लोंबकळत होतो. मी काकूंना पुन्हा विचारलं. या वेळी त्यांनी उत्तर दिलं, पण वेगळ्याच प्रश्नाचं. म्हणाल्या, कागदावर त्यांचं नाव लई झालं, कागद वाळवी खाते. दगडावर एकदा लागतंय तर लागू दे. आणि कपाटाला किल्ली लावली.

दोन म्हातारी माणसं, आणि दगडावर मोकळी जागा एकच.

प्रकाशनाचा दिवस उजाडला. नांदेडमधलं एका संस्थेचं सभागृह, पंखे फिरणारे, माईक शिट्ट्या मारणारा. सरपंच आणि गावकरी केळ्यांचे दोन घड घेऊन आले होते आणि आल्या माणसाच्या हातात केळ देत होते, त्यामुळे प्रमुख पाहुणेही एका हातात पुष्पगुच्छ आणि दुसऱ्या हातात केळ घेऊन स्थानापन्न झाले. काकू व्यासपीठावर, मधल्या खुर्चीत. चाचा तिसऱ्या रांगेत, इस्त्रीची शेरवानी घालून, काठी गुडघ्यांत धरून. सरपंच पहिल्या रांगेत, मांडीवर वही उघडी.

मी बोलायला उभा राहिलो. एरवी मला बोलायला उभं करणं सोपं आणि बसवणं अवघड, असं माझ्याबद्दल म्हणतात. त्या दिवशी पहिल्यांदा मला बसावंसं वाटत होतं. सरांची सकाळी डायरी लिहिण्याची सवय सांगितली, सभागृह हसलं. माझी पहिल्या बाकावरची हुशारी सांगितली, आणखी हसलं. हळूहळू बारवेवर आलो आणि माझी गाडी चिखलात रुतली. या संदर्भात दोन परंपरा आढळतात, म्हणालो. लिखित परंपरा आणि मौखिक परंपरा. दोन्हींची चिकित्सा होणं अगत्याचं आहे. अंतिम निर्णय संशोधनाअंतीच देता येईल. सरपंचांनी वहीत 'संशोधन' असं काहीतरी लिहिलं आणि खोडलं. चाचा माझ्याकडे बघत नव्हते, काठीच्या मुठीकडे बघत होते.

काहीतरी करायला हवं म्हणून मी ती नोंदच वाचायला घेतली. सवयीप्रमाणे आवाज चढवून, थांबे घेत. पहाटेच्या गाडीने गेलो. बारवेत उतरलो. काकू सरळ समोर बघत होत्या. लेखाचा ठसा घेतला व वाचला. काकूंनी पदर सारखा केला. मी पुढचं वाक्य अगदी रंगवून म्हटलं: दिवसभर, उन्हात, एकट्याने, काम केले.

आता इथे मला जे वाटतं ते सांगतो, चूक असेल तर असू दे. काकूंनी गप्प बसायचं पक्कं ठरवलं होतं. पण नवरा चारचौघांत गोष्ट सांगायला लागला की ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची, ही त्यांची पन्नास वर्षांची सवय. गेलं वर्षभर ती नुसती पडून होती. माझ्या तोंडून सरांचं ते वाक्य ऐकलं आणि ठरवलेलं सगळं बाजूला राहिलं. माईक त्यांच्यासमोर नव्हता, त्याची त्यांना कधीच गरज लागली नव्हती. सबंध सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलल्या.

"कशाचं ऊन अन् कशाचं काम, त्या दिवशी माझे वडील न सांगता आले आणि हे दिवसभर त्यांच्याशी पत्ते कुटत बसले होते, बारवेत भाऊ उतरले, लेख भाऊंनी वाचला, त्यांचं नाव लिहा तिथं!"